कुट-कूचे कान आणि माझी पिवळी पडलेली फिल्म



या ब्लॉगवर मी सहसा पेपर कसा वाचायचा, सिनॉप्सिस कसा लिहायचा अशा गोष्टी लिहितो. आज एका गेमबद्दल लिहिणार आहे. पीएचडीच्या मुलाखती तोंडावर आल्या असताना याने हे काय काढलंय, असं वाटणं साहजिक आहे. पण माझ्या दुसऱ्या वर्षातले जवळजवळ चार महिने या गेमने खाल्ले. ते वाया गेले की नाही, हे बरेच दिवस मला ठरवता येत नव्हतं. हा लेख म्हणजे तोच हिशोब आहे.

गेम आहे 'मॉन्स्टर हंटर फ्रीडम युनाइट'. जपानच्या कॅपकॉम कंपनीची ही मालिका २००४ साली प्लेस्टेशन २ वर सुरू झाली, पण जपानमध्ये तिची खरी लाट आली ती पीएसपी या हातात मावणाऱ्या यंत्रावर. मी खेळलो तो भाग तिथे २००८ मध्ये 'पोर्टेबल सेकंड जी' म्हणून आला आणि २००९ मध्ये 'फ्रीडम युनाइट' नावाने बाहेरच्या देशांत पोचला. पीएसपी जवळजवळ आणले की चौघांना एकत्र शिकार करता येते. त्यामुळे जपानमध्ये मुलं स्टेशनवर, कॅफेत, शाळा सुटल्यावर घोळक्याने हा गेम खेळत बसायची. मी मात्र एकट्याने खेळलो. हॉस्टेल सोडून जाणाऱ्या एका सीनियरकडून घेतलेला जुना पीएसपी, आणि लॅबमधून परत आल्यावर रात्री अकरानंतरचा वेळ.

गेम काय लपवतो

कथा फारशी नाही. बर्फाळ डोंगराच्या पायथ्याशी पोक्के नावाचं गाव आहे, आणि तुम्ही तिथले शिकारी. काम घ्यायचं, जनावर शोधायचं, मारायचं किंवा पकडायचं, आणि त्याच्या खवल्या-हाडांपासून नवं शस्त्र, नवं चिलखत बनवायचं. बहुतेक कामांना ५० मिनिटांची मुदत. तीनदा बेशुद्ध पडलात की काम फसलं.

इथपर्यंत इतर गेमसारखंच वाटेल. फरक असा की समोरच्या जनावराची किती ताकद उरली आहे, हे पडद्यावर कुठेच दिसत नाही. ना पट्टी, ना आकडा. शिवाय अनुभव वाढला म्हणून तुमच्या शिकाऱ्याची 'लेव्हल' वाढत नाही. चिलखत सुधारतं, पण वाढते ती मुख्यतः खेळणाऱ्याची नजर.

नजर म्हणजे काय, ते यियान कुट-कू शिकवतो. मोठ्या चोचीचा, पंख्यासारखे कान असलेला हा ड्रॅगनसारखा पक्षी नवख्यांच्या वाट्याला अगदी सुरुवातीला येतो. जपानी खेळाडू त्याला 'सेन्सेई' म्हणजे गुरुजी म्हणतात, ते उगीच नाही. पहिल्या चार वेळा मी नुसता तलवार फिरवत सुटलो आणि मार खाल्ला. पाचव्या वेळी कंटाळून लांब उभा राहिलो आणि फक्त बघत बसलो. तो चोच आपटतो तेव्हा किती वेळा आपटतो? शेपूट फिरवतो तेव्हा कुठल्या बाजूने? चिडला की वेग किती वाढतो? त्यातच लक्षात आलं की मरायला टेकला की त्याचे उभे कान मिटतात. पट्टी नव्हती असं नाही. ती त्याच्या अंगावरच होती, मी बघत नव्हतो.

गेम तुम्हाला चुकीची किंमतही स्पष्ट दाखवतो. औषध प्यायलं की शिकारी जागच्या जागी उभा राहून दोन्ही हात वर करतो, आणि त्या क्षणी काहीच करता येत नाही. म्हणजे जीव वाचवायला औषध घ्यायचं, तर आधी जनावर कुठे आहे आणि पुढे काय करणार आहे याचा अंदाज हवा. नुसती घाई केली की औषधही वाया आणि जीवही.

लॅबमध्ये

मी सोलर सेलसाठी पेरॉव्स्काईटच्या पातळ फिल्म बनवतो. हे पदार्थ ओलाव्याला फार नाजूक. चांगली फिल्म काळपट तपकिरी असते. खराब झाली की पिवळी पडते, कारण मागे लेड आयोडाइड उरतं. पावसाळ्यात माझ्या फिल्म एकामागून एक पिवळ्या पडत होत्या, आणि वहीत मी एकच शब्द लिहीत होतो: 'फेल'. दुसऱ्या दिवशी परत 'फेल'.

'फेल' हे निरीक्षण नाही, तो निकाल आहे. गेममुळे मला हे सुचलं असा दावा मी करणार नाही, पण त्याच दिवसांत मी फिल्म पिवळी पडताना बघायला लागलो, एवढं खरं. किती वाजता सुरुवात झाली, कुठल्या कडेने, ठिपके आधी की पट्टा आधी. बऱ्याच फिल्मचा पिवळेपणा एकाच कोपऱ्यातून पसरत होता. मी चिमट्याने धरायचो तो कोपरा. यावर कुठलाही पेपर निघाला नाही. फक्त फिल्म धरायची पद्धत बदलली, आणि वहीतून 'फेल' हा शब्द गेला.

पीएचडीला येणाऱ्यांनी या गेममधून एकच गोष्ट उचलायची झाली, तर ती ही: हरणं म्हणजेही नोंद घेण्याजोगी माहिती असते, पण हरत असताना डोळे उघडे असतील तरच.

गेमच्या चुका, आणि त्या का उपयोगी आहेत

आता कौतुक पुरे. गेममध्ये दोष भरपूर आहेत. पीएसपीला फिरणारी कळ एकच, त्यामुळे डाव्या अंगठ्याने चालायचं आणि त्याच हाताची तर्जनी वाकडी करून वरून बाण-बटणांवर दाबत कॅमेरा फिरवायचा. त्या पकडीला खेळाडू पंजाच म्हणतात. अर्ध्या तासात बोटं दुखतात.

दुसरा दोष म्हणजे प्लेसिओथ. हा मोठा, माशासारखा प्राणी अंगाने धक्का देतो, आणि तुम्ही चांगले दोन हात लांब असलात तरी तो धक्का 'लागतो'. कारण गेम जी जागा 'शरीर' म्हणून मोजतो, ती दिसणाऱ्या शरीरापेक्षा मोठी आहे. खेळाडू यावर वर्षानुवर्षं चिडत आले आहेत. मीही चिडलो. पण चिडून झाल्यावर लक्षात आलं की आपण दोन वेगळ्या गोष्टी शिकतोय: प्राणी कसा वागतो, आणि त्याला मोजणारी व्यवस्था कुठे खोटं बोलते.

लॅबमध्ये ही जोडी रोज भेटते. काचेवरच्या फिल्मचं एक्सआरडी केलं की आलेखात एक पसरट उंचवटा येतो. नवखा विद्यार्थी त्याला आपल्या पदार्थाचा गुण समजतो. तो असतो खालच्या काचेचा. उपकरण नीट ओळखल्याशिवाय पदार्थ ओळखता येत नाही. तरीही प्लेसिओथ हा चांगल्या रचनेचा नमुना आहे असं मी म्हणणार नाही. तो दोषच आहे.

तिसरा दोष मोठा आहे. अर्धी माहिती गेम सांगतच नाही. जपानमध्ये शेजारी बसलेला मित्र सांगायचा, म्हणून ते खपून गेलं. माझ्या शेजारी कोणी नव्हतं. मी लोकांनी लिहून ठेवलेली गाईड वाचून शिकलो. ज्याला मित्रही नाही आणि गाईडही नाही, तो पहिल्या आठवड्यातच पीएसपी ठेवून देतो. लॅबमध्येही हेच होतं, आणि त्याला आपण 'मुलगा टिकला नाही' असं म्हणतो. सांगायला कोणी नव्हतं, असं म्हणत नाही.

नावात रिसर्च असलेला भाग

२०१८ मध्ये 'मॉन्स्टर हंटर वर्ल्ड' आला, टीव्हीला जोडायच्या मोठ्या यंत्रांवर. गंमत म्हणजे यात कथाच संशोधनाची आहे. तुम्ही नव्या भूमीवर गेलेल्या रिसर्च कमिशनचे सदस्य असता. पावलांचे ठसे गोळा करता, त्यातून जनावराबद्दलचं 'संशोधन' वाढतं. पण ठसे शोधून देतात ते चमकणारे किडे. त्यांच्या मागे चालत राहायचं. घाव बसला की आकडा उमटतो. जनावर पकडण्याइतकं थकलं की नकाशावरच्या चिन्हावरून कळतं. औषध चालता चालता पिता येतं.

'वर्ल्ड' वाईट आहे असं मुळीच नाही. वर सांगितलेला तिसरा दोष त्याने बराच दूर केला, आणि ज्यांना जुना गेम कधीच झेपला नसता असे असंख्य लोक त्यामुळे या मालिकेत आले. पण मी तो मित्राकडे खेळलो तेव्हा दोन तासांनी लक्षात आलं की मी जनावराकडे बघतच नाहीये. मी चिन्ह बघतोय, आकडे बघतोय. ज्या गेममध्ये संशोधन हा शब्द सारखा येतो, तिथे बघायचं काम किडे करतात. ज्या गेममध्ये तो शब्द जवळजवळ येतच नाही, तिथे ते तुम्हाला करावं लागतं. सॉफ्टवेअरने काढून दिलेला आकडा आणि आपण स्वतः बघितलेला आलेख यांत हाच फरक आहे.

जिथे गेम फसवतो

आता मूळ हिशोब. ते चार महिने मी का खेळलो?

गेममध्ये रॅथलॉस नावाच्या लाल ड्रॅगनची 'प्लेट' ही फार दुर्मिळ वस्तू आहे. हिशोबासाठी धरा की दर प्रयत्नाला ती मिळण्याची शक्यता २ टक्के आहे. पन्नास प्रयत्न केले तर मिळायलाच हवी, असं वाटतं ना? ०.९८ चा पन्नासावा घात काढा: साधारण ०.३६ येतो. म्हणजे पन्नास प्रयत्नांनंतरही शंभरातले छत्तीस जण रिकाम्या हातांनी बसलेले असतील, आणि एक्कावन्नाव्या वेळीही त्यांची शक्यता तेवढीच, २ टक्के. जपानी खेळाडू गमतीने म्हणतात की यंत्रात 'हाव ओळखणारा सेन्सर' आहे; जी वस्तू हवी असते, तीच ते देत नाही. सेन्सर नाही, आपल्याला शक्यतेचं गणित पचत नाही एवढंच.

मी त्या प्लेटसाठी रात्री जागलो, कारण दिवसभर लॅबमध्ये काहीच मिळत नव्हतं आणि इथे निदान मिळण्याची शक्यता होती. आणि गेमचं सगळ्यात गोड खोटं इथेच आहे. त्यातलं प्रत्येक जनावर हरवता येतं. कोणीतरी ते बनवलंय, तपासलंय, उत्तर आहे याची खात्री करून मगच तुमच्यासमोर ठेवलंय. तुम्ही दहा वेळा हरलात तर दोष तुमचा, आणि तो सुधारता येतो. कष्टाला फळ आहेच, असं गेम रोज रात्री सांगतो.

संशोधनात असं वचन कोणी देत नाही. माझा पहिला विषय आठ महिन्यांनी सोडावा लागला. मी आळशी होतो म्हणून नाही. त्या पद्धतीने ती फिल्म टिकणारच नव्हती. गाईड सरांनी सोड म्हणून सांगितल्यावरही मी आणखी सहा आठवडे तेच करत राहिलो, काहीही न बदलता. एखादा निकाल पक्का करायला तोच प्रयोग परत करणं वेगळं. मी करत होतो ते प्लेटसाठी फासे टाकणं होतं. 'अजून एकदा, सकाळी बघू' ही सवय मला गेमने लावली असं म्हणणं अन्यायाचं होईल, पण तिला रोज रात्री खतपाणी घातलं ते गेमने.

फ्रीडम युनाइटच्या मेनूत काम अर्धवट सोडण्याचा एक पर्याय आहे. चार महिन्यांत मी तो एकदाही दाबला नाही, कारण दाबायची गरजच पडू नये अशीच गेमची रचना आहे. बघायला, थांबायला, चुकीची किंमत ओळखायला हा गेम शिकवतो, आणि फार छान शिकवतो. पण सोडायला शिकवत नाही. ते आपल्यालाच शिकावं लागतं, शक्यतो गाईडसमोर बसून, आठ महिने उलटायच्या आत.

म्हणून माझा हिशोब असा: पहिले दोन महिने वाया गेले नाहीत. पुढचे दोन गेले.

तुमच्यापैकी कोणी खेळणार असेल तर कुट-कूपर्यंत जरूर खेळा. त्याचे कान मिटताना एकदा स्वतः बघा. रॅथलॉसच्या प्लेटच्या मागे लागलात, तर दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबची वही उघडून स्वतःला एक प्रश्न विचारा: मागच्या दहा प्रयत्नांत मी नेमकं काय बदललं? उत्तर 'काहीच नाही' असेल, तर गेमही बंद करा आणि प्रयोगही, आणि आधी गाईडशी बोला.

पुढच्या पोस्टमध्ये विषय बदलायची वेळ आली हे कसं ओळखायचं, यावर लिहीन. तुमचे अनुभव असतील तर कळवा.