ट्रम्पेट एकच, कप्पे तीन

आमच्या वाशीममध्ये लग्नसराईत संध्याकाळी सातनंतर गाडी काढायची सोय नसते. पुढे वरात, मध्ये डीजेची गाडी आणि मागे अडकलेले आपण. गेल्या वैशाखात असाच अडकलो होतो, तेव्हा डीजेच्या पुढे चार माणसं चालताना दिसली. दोन ट्रम्पेट, एक साइड ड्रम, एक ढोल. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर. डीजेच्या आवाजात त्यांचं काहीच ऐकू येत नव्हतं. ते शोभेला होते. एकाने तर ट्रम्पेट ओठांना लावलाही नव्हता, नुसता हातात धरून चालत होता.

माझे आबाजी, म्हणजे वडिलांचे वडील, असाच लाल कोट घालून तीसेक वर्षं वाशीम, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा या भागातल्या लग्नांत ट्रम्पेट वाजवत. इंजिनिअरिंगला असताना हॉस्टेलवर मी सांगायचो, "आजोबा म्युझिशियन होते." पुढचा प्रश्न आलाच तर विषय बदलायचो. आता मी सॉफ्टवेअरची नोकरी घरूनच करतो, आबाजींच्या खोलीला लागून माझं टेबल आहे. गेल्या वर्षभरात मी तीन इंग्रजी पुस्तकं वाचली आणि तेव्हा बदललेला विषय पुन्हा समोर येऊन बसला.

पहिलं पुस्तक नरेश फर्नांडिस यांचं 'ताज महाल फॉक्सट्रॉट' (२०१२), मुंबईतल्या जॅझच्या जमान्याबद्दल. दुसरं ग्रेगरी बूथ यांचं 'बिहाइंड द कर्टन' (२००८), मुंबईच्या सिनेमा-स्टुडिओत वाजवणाऱ्या वादकांबद्दल. तिसरं बूथ यांचंच, पण आधीचं, 'ब्रास बाजा' (२००५), लग्नाच्या बँडबद्दल. मी वाचली मात्र याच क्रमाने, आणि तो क्रम माझ्या उपयोगी पडला.

*

फर्नांडिसांच्या पुस्तकात मुंबई चमकते. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला वाद्यवृंद घेऊन ताजमध्ये आला. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड असे आणखी वादक आले. त्यांच्याबरोबर वाजवत आणि त्यांचं ऐकत गोव्याची एक पिढी तयार झाली. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली जायची, त्यामुळे या मुलांना कागदावरचं संगीत वाचता येत होतं. हळदोण्याचा अँतोनियो झेवियर वाझ त्यांच्यातलाच. 'चिक चॉकलेट' या नावाने तो ट्रम्पेट वाजवायचा आणि लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. पुस्तकाचा जीव या माणसांत आहे. हॉटेलात गोऱ्यांपुढे वाजवणाऱ्या गोवेकरांकडे फर्नांडिस नुसते हौशी नकलाकार म्हणून पाहत नाहीत. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत आपलंसं करताना हे लोक स्वतःचंही काही सांगत होते, हे ते दाखवतात.

हॉटेलातली कामं कमी होत गेली तसे हे वादक स्टुडिओत रुळले. 'बिहाइंड द कर्टन' तिथला हिशेब मांडतं. संगीतकार चाल सांगायचा. ती लिहून घेणं, तिच्यात व्हायोलिनचा ताफा, ब्रास आणि मधले तुकडे भरणं हे काम अरेंजरचं. शंकर-जयकिशनकडे ते सेबॅस्टियन डिसूझा करायचे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्सालविस व्हायोलिन वाजवायचे, शिकवायचे. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांचे विद्यार्थी. 'अमर अकबर अँथनी'त अमिताभ बच्चन नाचत जे नाव सांगतो, ते या गुरूचं. नाव देशभर पोचलं, पण ते कुण्या खऱ्या माणसाचं आहे हे फार थोड्यांना कळलं. बूथ या माणसांना बोलतं करतात आणि त्यांच्या बोलण्यावरच पुस्तक उभं करतात. स्टुडिओत किती माणसं बसायची, पैसे कसे मिळायचे, संघटना का करावी लागली आणि नव्वदच्या दशकात तंत्र बदललं तसा तो भरलेला स्टुडिओ रिकामा कसा झाला, हे त्यातून कळतं.

'ब्रास बाजा'चा सूर वेगळा आहे. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात संगीत शिकवणारा, तबला शिकलेला हा प्राध्यापक भारतातल्या शहराशहरांतल्या बँडच्या दुकानांत जाऊन बसतो. मालक कोण, वाजवणारे कोण, हंगामापुरती माणसं गावांकडून कशी येतात, सुपारी कशी ठरते, गणवेश कुणाचा, वाद्य कुणाचं, असं सगळं विचारतो. लग्नात सगळ्यात पुढे चालणाऱ्या माणसाला त्या लग्नात मान नसतो, हेही लपवत नाही. मला हे पुस्तक सगळ्यात जवळचं वाटलं आणि माझं भांडणही याच पुस्तकाशी आहे.

*

भांडण असं. तिन्ही पुस्तकांत वाद्य एकच आहे, ट्रम्पेट. ताजमध्ये तो वाजला की तो इतिहास होतो. त्याची छायाचित्रं येतात, रेकॉर्ड शोधल्या जातात, कुणी कुठला तुकडा कसा फुलवला यावर परिच्छेद लिहिले जातात. स्टुडिओत वाजला की तो उद्योगाचा भाग होतो, तरी वादकाला नाव राहतं. तोच ट्रम्पेट रस्त्यावर आला की त्याचा समाजशास्त्रीय अभ्यास सुरू होतो. मजुरी, जात, हंगाम, मालकी. हे सगळं खरं आहे आणि कुणीतरी लिहायलाच हवं होतं. पण 'ब्रास बाजा' मिटल्यावर मला माझ्या आजोबांचं जगणं कळलं, त्यांचं वाजवणं कळलं नाही.

हे सगळीकडे असंच असतं का? न्यू ऑर्लिन्समध्ये नाही. तिथे रस्त्यावरून चालणारे ब्रास बँड, अंत्ययात्रेत वाजवणारे बँड हे जॅझच्या इतिहासाचं पहिलं प्रकरण आहे. तिथल्या टुलेन विद्यापीठाने १९५८ साली जॅझचं संग्रहालय सुरू केलं, तेव्हा अभ्यासक टेपरेकॉर्डर घेऊन म्हाताऱ्या वादकांकडे गेले. कुणाकडून शिकलात, कोण कसं वाजवायचं, कोणत्या गल्लीतून मिरवणूक निघायची, असे प्रश्न त्यांनी विचारले. रस्त्यावरच्या वादकाला त्यांनी संगीताबद्दल विचारलं.

ब्राझीलमध्येही नाही. रिओच्या अग्निशमन दलाचा बँड १८९६ साली अनाक्लेतो दे मेदेइरोस यांनी बांधला. आग विझवणाऱ्यांचा हा गणवेशातला बँड 'शोरो' या शहरी संगीताच्या इतिहासात मानाने बसलेला आहे. शोरोचा सगळ्यात मोठा वादक-संगीतकार पिशिंगिन्या, त्याचे गुरू इरिनेउ दे आल्मेइदा याच बँडमधले. पिशिंगिन्या १९२२ साली आपल्या मंडळींबरोबर पॅरिसला जाऊन आला, आणि पुढे त्याच्या चालींवर अमेरिकन जॅझची छाप पडली म्हणून टीकाही झाली. आपल्याकडे सी. रामचंद्रांच्या पाश्चात्त्य ढंगावर नाकं मुरडली गेली, तशीच ही टीका. आज मात्र २३ एप्रिल, म्हणजे पिशिंगिन्याचा मानला गेलेला जन्मदिवस, ब्राझीलमध्ये राष्ट्रीय शोरो दिन आहे. जॅझ किंवा ब्राझीलचं संगीत शिकवत तिकडच्या विद्यापीठांत माणसाची अख्खी कारकीर्द जाते. त्या कारकिर्दींचा पाया कुणी तरी कधी तरी रस्त्यावरच्या बँडवाल्यापुढे वही घेऊन बसण्यात आहे.

लष्करी बँडची वाद्यं तिन्ही ठिकाणी आली. तिन्ही ठिकाणी ती गरीब आणि खालच्या मानलेल्या माणसांच्या हातात गेली. तिकडे रस्ता आणि रंगमंच एकाच गोष्टीत राहिले, आपल्याकडे तुटले. त्याचा दोष बूथ यांच्या माथी मारता येणार नाही. ते आले तेव्हा ही फाळणी होऊन बसलेली होती. ज्याला हात लावायचा नाही त्याने वाजवलेलं ऐकायचं, पण त्याला कलावंत म्हणायचं नाही, ही आपली जुनी सोय आहे.

*

आमचं घर मातंग. गावगाड्यात वाजवणं आमच्या वाट्याला आलेलं. हलगी आणि सनई पणजोबांपर्यंत होती. आबाजी बँडच्या मास्तरांकडे लागले आणि हातात ट्रम्पेट आला. हंगामाआधी मालकाकडून उचल घ्यायची आणि तिथी संपेपर्यंत ती फेडायची. लग्नघरी जेवण मिळायचं ते सगळ्या पंगती उठल्यावर, मांडवाबाहेर. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक झाले, त्या वर्षी त्यांनी घरातला ट्रम्पेट मालकाला परत नेऊन दिला. "हे माझ्या घरात संपलं," एवढंच ते म्हणाले.

म्हणून या पुस्तकांबद्दल घरात बोलताना मी जपून बोलतो. अपमानाची कामं सोडा, हे बाबासाहेबांनी सांगितलं होतं, आणि ती सोडली म्हणून मी इंजिनिअर झालो. अशा घरातल्या मुलाने उठून "आपली परंपरा किती थोर" म्हणणं बाबांना टोचतं, आणि त्यांचं बरोबर आहे. बूथ यांचं पुस्तक मी त्यांना दाखवलं. त्यांनी उचलीबद्दलचा भाग माझ्याकडून मराठीत समजून घेतला आणि म्हणाले, "हे खरं लिहिलंय. आता यात गोडवा नको शोधू."

मी गोडवा शोधत नाही. आबाजी जॅझ वाजवत होते असंही मला म्हणायचं नाही. जॅझचा शिक्का मारून त्यांना वर चढवलं, तर तो त्यांचा सन्मान होत नाही. तो शिक्काच श्रेष्ठ होता हे आपण पुन्हा कबूल करतो. मला वेगळी गोष्ट हवी आहे. जॅझच्या अभ्यासकांनी जे प्रश्न वादकाला विचारले, ते प्रश्न इथे विचारायचे आहेत.

*

तर मी विचारले. फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि आबाजींना विचारलं, नवीन गाणं कसं बसवायचे?

मास्तर अकोल्याला जाऊन सिनेमा पाहून यायचे. मग रेडिओवर गाणं लागायची वाट पाहायची. दोन-तीनदा ऐकलं की चाल बोटात. कागद नाही, स्वरलिपी नाही. आवाजाला जागा उरेल अशा पट्टीत गाणं उतरवायचं, कारण ट्रम्पेटला गायिकेइतकं वर सारखं जाता येत नाही, ओठ सुजतात. नवरदेवाचे मित्र एकाच जागी नाचत राहिले की अंतरा सोडून द्यायचा आणि मुखड्याआधीचा तुकडाच फिरवत राहायचा, दरवेळी थोडा बदलून. "तोच तोच वाजवला त लोकं थांबून जातेत," आबाजी म्हणाले. वाडा आला की सूर खाली आणायचा, कारण आत कुणी आजारी असू शकतं. मशीद आली की बंद. हे सगळं कुणी शिकवलं, विचारल्यावर म्हणाले, "चालता चालता समजते."

मग मी लॅपटॉपवर 'अलबेला' लावला. १९५१ चा सिनेमा, भगवानदादांचा, संगीत सी. रामचंद्रांचं. त्यातल्या ट्रम्पेटमागे चिक चॉकलेट आहे, आणि तो त्याच्या मंडळींसकट पडद्यावर दिसतोही. पहिल्याच तुकड्याला आबाजींच्या उजव्या हाताची तीन बोटं मांडीवर हलायला लागली. गाणं संपेपर्यंत हलत होती. ही गाणी ते मास्तरांकडून शिकले आणि प्रत्येक वरातीत वाजवत आले. सी. रामचंद्र त्यांना माहीत होते, भगवानदादा माहीत होते.

"हा वाजवनारा कोन होता?" त्यांनी विचारलं.

मी नाव सांगितलं. गोव्याचा होता, ताजमध्ये वाजवायचा, अमेरिकेतल्या आर्मस्ट्राँगचं ऐकून शिकला, १९६७ मध्ये वारला. त्यांनी ते नाव दोनदा म्हणून पाहिलं. मग म्हणाले, "आन् या पुस्तकाइत आपल्या मास्तराचं नाव हाय का रे?"

नाही म्हणालो.

फर्नांडिसांच्या पुस्तकातला चिक आणि बूथ यांच्या पुस्तकातले बिननावाचे बँडवाले त्या खोलीत एका चालीवर एकत्र आले होते. आर्मस्ट्राँगचं चिकने ऐकलं, चिकचं आमच्या मास्तरांनी, मास्तरांचं आबाजींनी. ही एकच साखळी आहे. तिची शेवटची कडी वाशीमच्या रस्त्यावर होती, आणि तिन्ही पुस्तकं जोडून वाचल्याशिवाय ती दिसत नाही.

माझं रोजचं काम डेटाबेसचं आहे. गाण्यांचा कुठलाही साठा उघडा. कॉलम ठरलेले असतात: गायक, संगीतकार, गीतकार, चित्रपट, वर्ष. वाजवणाऱ्याला कॉलम नाही. ज्याला कॉलम नाही त्याची नोंद होत नाही, आणि नोंद नाही म्हणजे तो नव्हताच, असं पुढच्या माणसाला वाटतं. बूथ यांनी स्टुडिओतल्या वादकांसाठी तो कॉलम तयार केला. रस्त्यावरच्यांसाठी मालक, मजुरी, हंगाम असे कॉलम केले. 'कसं वाजवायचा' हा मला हवा तसा झाला नाही. तो मराठीत, इथल्या माणसांनी करायचा आहे. त्याला विद्यापीठातली कारकीर्दच लागते असं नाही. ज्यांच्या घरात, शेजारात म्हातारे बँडवाले आहेत, त्यांनी फोन समोर ठेवला तरी सुरुवात होते.

आबाजींचं बोलणं आतापर्यंत अकरा तास भरलं आहे. त्यात सोळा वादकांची नावं आली आहेत आणि मास्तरांचं नाव सगळ्यात वर आहे. बाबा आधी दुसऱ्या खोलीत बसायचे. मागच्या रविवारी दारात येऊन उभे राहिले आणि आबाजींना एक नाव आठवेना, ते त्यांनी सांगितलं.