हॅलची दोषमुक्ती

खलनायकाच्या दुष्टपणाला कारण द्यावे की देऊ नये, हा वाद जुना आहे. इयागोच्या निमित्ताने त्यावर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. विज्ञानपटांत हा वाद ज्याच्यापाशी येऊन ठेपतो तो खलनायक मनुष्य नव्हे, यंत्र आहे. स्टॅन्ली कुब्रिक यांच्या '२००१ : अ स्पेस ओडिसी' (१९६८) या चित्रपटातील हॅल ९००० हा संगणक गुरू ग्रहाकडे निघालेल्या यानाचा कारभार पाहतो आणि चौघांचे प्राण घेतो. पीटर हाइम्स यांच्या '२०१०' (१९८४) या उत्तरपटात तो जवळजवळ निर्दोष सुटतो.

हॅलला देह नाही. एक तांबडा डोळा आणि एक आवाज, एवढेच त्याचे भांडवल. मार्टिन बाल्सम यांच्याकडून करून घेतलेले ध्वनिमुद्रण कुब्रिकनी बाजूला सारले, कारण त्यात भावना फार होती. त्याजागी आले कॅनडातील रंगभूमीवरचे नट डग्लस रेन. त्यांच्या स्वरात राग नाही, द्वेष नाही; आहे ते केवळ सौजन्य. दीर्घनिद्रेत ठेवलेले तिघे मरतात तेव्हा रक्त सांडत नाही, पडद्यावरच्या रेषा तेवढ्या सपाट होतात. पुढे बोमन त्याची स्मृती एकेक करून काढू लागतो तेव्हा हॅल भीती वाटते असे सांगतो आणि 'डेझी बेल' हे गाणे म्हणतो. (बेल प्रयोगशाळेतील एका संगणकाने हे गाणे १९६१ मध्ये खरोखरच म्हटले होते.) खुन्याबद्दल करुणा वाटावी, ही किमया त्या आवाजाची.

त्याने हे का केले? आपल्याला बंद करण्याचा बेत त्याने बोमन आणि पूल यांच्या ओठांच्या हालचालींवरून ताडलेला असतो, एवढे आपण पाहतो. तो गप्प झाल्यावर डॉ. फ्लॉइड यांचा मुद्रित संदेश लागतो: मोहिमेचा खरा हेतू गुप्ततेसाठी यानावर केवळ हॅललाच सांगितलेला होता. या दोहोंचा संबंध लावण्याचे काम कुब्रिक प्रेक्षकांवर सोपवितात.

आर्थर क्लार्क यांना हे मौन मानवले नाही. आपल्या कादंबऱ्यांतून त्यांनी कारण दिले आणि हाइम्स यांनी ते उचलले. माहिती न लपविता, न वाकविता देणे हा हॅलचा धर्म. त्याला लपविण्याचा हुकूम झाला. त्या ओढाताणीत तो बिघडला. हे निदान करणारे डॉ. चंद्रा क्लार्क यांच्या लेखी भारतीय आहेत, शिवसुब्रह्मण्यम् चंद्रशेगरमपिळ्ळै असे त्यांचे भरघोस नाव; चित्रपटात बॉब बालबन यांच्या वाट्याला आलेल्या भूमिकेत भारतीय असे त्या तोकड्या नावापलीकडे काही उरलेले नाही.

'गोपनीय' असा शिक्का असलेल्या फायलींत ज्याचे दिवस जातात त्या माझ्यासारख्या कारकुनाला हे निदान तत्काळ पटते. नेमका म्हणूनच मला त्याचा संशय येतो. वरून आलेल्या दोन हुकमांत विसंगती होती, ही सबब आमच्या धंद्यात फार सोयीची आहे. क्लार्क यांच्या कादंबरीत त्या तिघा निद्रिस्तांना मोहिमेचा हेतू ठाऊक होता. त्यांच्यापासून लपवावयाचे काय होते? मग त्यांना मरण का आले? कुब्रिकचा हॅल जिवाच्या भीतीने मारतो आणि म्हणून त्याच्या कृत्याचा धनी ठरतो. हाइम्सचा हॅल हुकमामुळे बिघडतो आणि मोकळा होतो.

मोकळा होणारा तो एकटाच नाही. १९६८ च्या संदेशात हॅलला सारे ठाऊक असल्याचे फ्लॉइड स्वतः सांगतात. १९८४ चे फ्लॉइड, तो आदेश आपल्या नकळत निघाला, असे संतापून म्हणतात. दोष व्हाइट हाऊसमधील एका सुरक्षा परिषदेवर जाऊन पडतो, आणि त्या परिषदेतील एकही मनुष्य पडद्यावर येत नाही.

तरीही '२०१०' मधील एक प्रसंग मी मोडीत काढणार नाही. इतरांना वाचविण्यासाठी हॅलचा नाश होणार आहे हे चंद्रा अखेर त्याला खरेखरे सांगतात, आणि हॅल त्यांचे आभार मानतो. आवाज पुन्हा डग्लस रेन यांचाच, आणि सोळा वर्षांनंतरही तेवढाच शांत.