कापल्या बोटांची गिटार

इंग्रजी न येणाऱ्या माणसानं इंग्रजी गाण्यांवर लिहावं का? मी म्हणतो त्यानंच लिहावं. शब्द कळत नाहीत तेव्हा माणूस आवाज ऐकतो. आपण चळवळीतली पोरं आवाज ऐकायचंच विसरलोय. कविता असो, शाहिरी असो, आपण आधी विचारतो, आशय काय? बांधिलकी कुठाय? विचारावंच. पण तो आशय ज्या आवाजातून येतो तो कुणाच्या गळ्यातला, कुणाच्या हातातला, हे आपल्या समीक्षेत येतच नाही. क्रांतीचे शब्द आणि भावगीताची गुळगुळीत चाल, असली गाणी आपण डोळे झाकून पास करतो.

म्हणून हा लेख सत्तरच्या दशकातल्या, फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या हार्ड रॉक बँडांवर. काहीजण म्हणतील, देवगाव फाट्यावर बसून याला ही थेरं कुठून सुचली? मित्रहो, फाट्यावर सगळंच येतं. जिंतूरची गाडी येते, मंठ्याची येते, सेलूची येते, आणि आता मोबाईलमधून डेट्रॉइटही येतं. मी जिनिंगवर कामगार आहे. दिवाळीपासून ऊन तापेपर्यंत पाळ्या चालतात. जिनचे रोलर सुरू झाले की शेजारच्या माणसाशीही खुणेनंच बोलावं लागतं. पाळी सुटली तरी कान तासभर भणभणत राहतात. त्या कानांनी मी हे संगीत ऐकलंय, गादीच्या खुर्चीत बसून नाही.

वाट सरळ होती. दलित पँथर १९७२ ची. तिचं नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून आलं, हे आपल्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. ब्लॅक पँथरवर वाचत गेलो तर त्या काळातली गाणी सापडत गेली. हेंड्रिक्सच्या गिटारीपाशी येऊन थांबलो, आणि मग एकाला धरून दुसरा, दुसऱ्याला धरून तिसरा.

ब्लॅक सॅबथ अनोळखी नाहीत, जगभर गाजलेत. पण त्यांचं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. बर्मिंगहॅम म्हणजे कारखान्यांचं गाव. टोनी आयोमी नावाचा पोरगा तिथं पत्र्याच्या कारखान्यात होता. वय सतरा. कामाचा शेवटचा दिवस, आणि त्याच दिवशी मशीननं उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं नेली. पोरगा डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा तोच हात. कारखान्यातल्या वरिष्ठानं त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून दिली. हा जँगो रोमा जमातीचा. म्हणजे शेकडो वर्षांमागं आपल्याच देशातून निघून युरोपभर भटकलेले, गावाबाहेर पाल ठोकणारे, चोर म्हणून हिणवलेले लोक. जळालेल्या हाताच्या दोन बोटांवर तो गिटार वाजवायचा. ते ऐकून आयोमीनं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं लावलं. जाड तार दाबवेना म्हणून पातळ तारा लावल्या, त्यातल्या काही तर बँजोच्या. पुढं १९७१ च्या अल्बमात तारा ढिल्या करून सूर खाली ओढला. तो जो खर्जातला, अंगावर येणारा, जड आवाज म्हणतात, त्यात ही कापलेली बोटं आहेत. हे शब्दांत कुठंच नाही. आवाजात आहे. ज्यानं मशीनशेजारी उभं राहून आपली बोटं मोजलीत, त्याला ते पहिल्याच झटक्यात कळतं.

आता डेट्रॉइट. मोटारींचे कारखाने. तिथं हॅकनी आडनावाचे तीन काळे भाऊ, डेव्हिड, बॉबी आणि डॅनिस. बँडचं नाव ठेवलं ‘डेथ’. काळ्या माणसानं नाचायची गाणी करावीत आणि रॉक गोऱ्यांनी वाजवावं, अशी बाजाराची वाटणी होती. रॉक मुळात काळ्यांच्या ब्लूजमधून निघालेलं, तरी वाटणी अशी! (आपल्याकडं ढोलकी कुणाची आणि मानधन कुणाला, याचा हिशेब करून बघा.) १९७५ साली यांनी सात गाणी रेकॉर्ड केली. पैसा लावणाऱ्या बड्या माणसानं सांगितलं, नाव बदला. डेव्हिड नाही म्हणाला. करार गेला. १९७६ ला त्यांनी स्वतःच एक छोटी रेकॉर्ड काढली, प्रती ५००. संपलं. डेव्हिड २००० साली वारला. मरण्याआधी त्यानं मूळ टेपा भावाच्या हवाली केल्या होत्या, एक दिवस लोक शोधत येतील म्हणून. २००९ ला अल्बम निघाला आणि जग म्हणालं, अरे, पंक म्हणतात ते यांनी आधीच वाजवून ठेवलंय! मी ऐकलं तेव्हा मला पहिल्यांदा दिसला तो वेग. थांबून, नटून, गिटारीची करामत दाखवायला यांना फुरसतच नाही. पाळीवर जायची घाई असल्यागत वाजवतात.

झांबियाचं थोडक्यात सांगतो. तांब्याच्या खाणींचा देश, १९६४ ला स्वतंत्र झाला. तिथल्या खाणगावातल्या पोरांनी रॉक उचललं आणि त्याला आपल्या तालात मिसळलं. त्याला आता झॅमरॉक म्हणतात. ‘विच’ नावाचा बँड ऐका, त्यांचा १९७५ चा ‘लेझी बोन्स’ ऐका. तांब्याचा भाव पडला, देश खचला, एड्स आला. ‘विच’चे बहुतेक वाजवणारे त्यात गेले. त्यांचा गायक पुढं रत्नांच्या खाणीत उतरून पोट भरत होता.

एवढं ऐकल्यावर साहजिक विचार आला, आपल्या मुंबईत काय चाललं होतं? तर मुंबईतही चाललं होतं, आणि जोरात. सिमला नावाची सिगारेट होती, इम्पीरियल टोबॅकोची. तिच्या जाहिरातीसाठी ‘सिमला बीट’ नावाची बँडांची देशभर स्पर्धा भरायची. १९७० आणि १९७१ च्या दोन रेकॉर्डी निघाल्या. मद्रासचे ‘कन्फ्यूजन्स’, बंगलोरचे ‘डायनोसॉर्स’, शिलाँगचे ‘फेन्टोन्स’ आणि आणखी कितीतरी. मुंबईत ‘सॅव्हेजेस’ होते, त्यांचा १९७३ चा ‘ब्लॅक स्कॉर्पिओ’. ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ होते, त्यांची ‘ऑब्सेशन ७७’ ही एकच रेकॉर्ड, नावात ७७ आणि बाजारात यायला ८१ उजाडलं. ‘व्हेल्व्हेट फॉग’ होते.

या पोरांना मी हसण्यावारी नेणार नाही. परदेशी गिटारी, अँप्लिफायर सहज मिळत नव्हते. जे मिळेल ते जोडून, ठोकून त्यांनी आवाज काढला. ‘सिमला बीट’च्या रेकॉर्डींवर आवाज कोंदट आहे, कडा फाटलेल्या आहेत, आणि मला त्यातलं तेच सगळ्यात आवडलं. शिलाँगच्या पोरांचं वाजवणं तर उरात भरतं. तंत्रात कुणी कच्चा नाही.

मग अडतंय कुठं? अडतंय ते बंडात. ‘सिमला बीट’ची स्पर्धा षण्मुखानंद हॉलात व्हायची. तिथून धारावी पायी गाठता येते. जवळच माटुंग्याचा लेबर कॅम्प, जिथं चाळीसच्या दशकात अण्णाभाऊंची डफावर थाप पडत होती. थोडं खाली गेलं की परळ-लालबागचे भोंगे. आणि साल कोणतं? १९७२ ला मुंबईत ‘गोलपिठा’ आलं, पँथर उभी राहिली. इकडं मराठवाड्यात दुष्काळ. माझी आजी तेव्हा रोडच्या कामावर खडी फोडत होती, सुकडी खाऊन दिवस काढत होती. अमेरिकेतल्या पोरांना व्हिएतनामात मरायला पाठवत होते म्हणून त्यांची गिटार किंचाळत होती. मुंबईच्या हॉलातली किंचाळी कशासाठी होती? नक्कल हुबेहूब आहे, दुखणं मात्र उसनं आहे. कान लावून ऐकलं तर कळतं. सूर उंच जातो, पण तोल कधी जात नाही. घरी वाट बघणारं कुणीतरी आहे, अशा निर्धास्तपणानं ते वाजवतात. आणि बंडाला पैसा सिगारेट कंपनीचा!

म्हणून हे बँड बुडाले, असं मी म्हणत नाही. बुडायला इतर कारणंही होती. सिनेमानं तोच आवाज उचलून हिंदीत विकला, मग इंग्रजीतलं ऐकणार कोण? पण भाषेचा प्रश्न राहतोच. झांबियाच्या पोरांनी इंग्रजीबरोबर आपल्या भाषेतही गायलं. मुंबईच्या बँडांना मराठी आठवली नाही. अपवाद एक सांगायलाच पाहिजे, नंदू भेंडे. ‘व्हेल्व्हेट फॉग’चा गायक, आत्माराम भेंड्यांचा मुलगा. १९७४ ला अलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये तो जूडास झाला. १९७८ ला जब्बार पटेलांनी ‘तीन पैशाचा तमाशा’ बसवला, ब्रेख्तचं पु. ल. देशपांड्यांनी केलेलं रूप, त्यात हा रॉकचा गळा मराठी रंगमंचावर उभा राहिला. पांढरपेशांच्या नाटकात का होईना, मराठी अक्षराला हा गळा चालतो हे ठरलं. पुढं ती वाट रुळली नाही. भेंडे २०१४ ला गेले.

आता या बँडांना शोधणारे लोक कोण, तेही बघू. ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ची रेकॉर्ड २०११ ला अमेरिकेतल्या एका कंपनीनं पुन्हा काढली. ‘विच’चं संगीतही त्याच कंपनीनं काढलं. जुन्या प्रतींसाठी युरोपातले शौकीन भारी पैसा मोजतात. चांगलं आहे, त्यांच्यामुळं मलाही ऐकायला मिळालं, नाकारत नाही. पण त्यांचा ‘हरवलेला’ हा शब्द मला खटकतो. हरवायला आधी नोंद लागते. रेकॉर्ड निघाली, लेबलवर नाव छापलं, साल छापलं, म्हणून ती हरवते आणि सापडते. ज्याची रेकॉर्डच निघाली नाही तो हरवत नाही, तो नुसता नसतो. आणि मुंबईची गंमत बघा. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार रस्त्यावर आले, आणि गिरण्या पुन्हा पहिल्यासारख्या कधी चालल्याच नाहीत. २००६ ला वरळीला बॉम्बे डाइंगच्या आवारात काय उघडलं? हार्ड रॉक कॅफे! भिंतीवर काचेत गिटारी. बर्मिंगहॅमच्या कारखान्यातून निघालेला आवाज असा मुंबईच्या गिरणीत येऊन बसला, फक्त कामगार तेवढे नव्हते.

तर मग आपलं हार्ड रॉक कुठाय? माझं उत्तर ऐकून काहीजण हसतील. बँजो. गोऱ्यांचा तो गोल बँजो नव्हे, आपला. लाकडी पेटी, वर टाइपरायटरसारखी बटणं, खाली तारा. शास्त्रात बुलबुलतरंग म्हणतात. मूळ जपानचं, तिथं १९१२ ला तैशोगोतो नावानं निघालेलं. आपल्या लोकांनी त्याला पिकअप बसवला, अँप्लिफायर जोडला, कर्ण्यातून सोडला. जयंतीच्या मिरवणुकीत १४ एप्रिलला तो वाजतो तेव्हा आवाज फाटतो. तिकडं हा फाटका आवाज काढायला गिटारवाले पैसे देऊन डबी विकत घेतात, तिला फझ म्हणतात. आपला कर्णा फुकट फाडून देतो! खाली ढोल-ताशा, वर ती किंचाळणारी तार, आणि एकाच सुरावट्टीवर अर्धा-अर्धा तास. सायकेडेलिक म्हणतात ते दुसरं काय असतं? रवी जाधवांनी २०१६ ला ‘बँजो’ सिनेमा काढला, पण त्यात बँजोवाला मोठा ठरतो कधी, तर अमेरिकेची बाई त्याला शोधत येते तेव्हा.

आपल्यातले जाणते लोक बँजोला धांगडधिंगा म्हणतात. प्रबोधन नाही, शब्द नाहीत म्हणतात. वामनदादांच्या ओळींवर पीएच.ड्या झाल्या, व्हाव्यातच. पण त्यांचं गाणं बँजोवर कुणी वाजवलं, कसं वाजवलं, कोणत्या वळणावर त्यानं तार मोडली, यावर एक पान नाही. मी फाट्यावर ऐकलेला एक बँजोवाला सुताराच्या दुकानात काम करतो. त्याच्या डाव्या हाताचं एक बोट आखूड आहे. तो बटणं तीनच बोटांनी दाबतो, त्यामुळं त्याच्या सुरांमध्ये एक धक्का येतो, जो दुसऱ्या कुणाच्या वाजवण्यात नाही. त्याला आयोमी ऐकवला. ऐकून म्हणाला, ‘याची तार ढिली हाय.’ बरोबर ओळखलं. आपल्या कुठल्या समीक्षकाला हे ओळखू आलं असतं?

सत्तरच्या दशकातले आपले बँजोवाले मला ऐकता येत नाहीत, कारण टेपरेकॉर्डर कुणाच्या घरात नव्हता. ऐंशीनंतर तो आला. त्या काळच्या मिरवणुकीच्या, कव्वालीच्या, लग्नाच्या कॅसेटी घराघरांत ट्रंकेच्या तळाशी पडल्यात. ज्या कार्यकर्त्याच्या घरी असतील त्यानं त्या वाजवून बघायच्या आधी फिती तपासाव्यात. बुरशी असेल किंवा फीत चिकटली असेल तर ओढू नये, तुटते. चांगली असेल तर मोबाईलवर उतरवून घ्यावी. आणि कॅसेटीवर नाव गायकाचंच असणार, म्हणून गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून बँजोवर कोण होतं, ढोलावर कोण होतं, साल कोणतं, एवढं तरी मागच्या बाजूला बॉलपेननं लिहावं.