श्राव्य खेळ आणि श्रुतिका

दृश्यावाचून नाट्य उभे राहू शकते, हे आकाशवाणीच्या श्रुतिकेने मराठी श्रोत्यास केव्हाच पटवून दिले आहे. अंधांसाठी रचलेले श्राव्य खेळ हे त्याच कलेचे पुढचे पाऊल होय. येथे श्रोता स्वतःच नायक होतो. ‘डोवीनो’ या फ्रेंच संस्थेचा ‘अ ब्लाइंड लेजंड’ (२०१५) या दृष्टीने अभ्यसनीय आहे. पत्नीच्या सुटकेसाठी निघालेला अंध योद्धा एडवर्ड ब्लेक कन्या लुईझच्या आवाजाच्या रोखाने चालतो आणि शत्रूच्या चाहुलीवर तलवार चालवितो. डाव्या-उजव्या कानांतील ध्वनिभेद हीच येथील रंगभूमी. म्हणून हेडफोन अपरिहार्य. अंधत्वाविषयी दया न जागविता ते कथानकाच्या गाभ्याशी नेणे, हे या कृतीचे यश.

तिची मर्यादा मात्र छत्रपती संभाजीनगरातील मराठी विद्यार्थ्यास तत्काळ जाणवेल. २००६ पासून विकसित होत आलेला ‘एनव्हीडीए’ हा विनामूल्य स्क्रीन रीडर संगणकावरील मराठी मजकूर वाचून दाखवितो. परंतु परभाषेतील ध्वनिमुद्रित संवादापुढे त्याचा इलाज चालत नाही. लुईझची सूचना उमगण्यास क्षणभर विलंब झाला की वार चुकतो. ही उणीव भरून काढणे श्रुतिका लिहिणाऱ्या मराठी लेखकाच्याच हाती आहे.