संमतीनंतरचे घर : आंतरवांशिक विवाहाच्या दोन कथनांविषयी

गोऱ्या-काळ्यांच्या परस्परविवाहास आपली मान्यता आहे काय, असा प्रश्न गॅलप संस्थेने अमेरिकेत १९५८ मध्ये प्रथम विचारला, तेव्हा होकार देणारे अवघे ४ टक्के होते. २०२१ मध्ये हे प्रमाण ९४ टक्क्यांवर गेले. प्रत्यक्ष विवाहांचा आलेख इतका उंच चढलेला नाही. प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीनुसार १९६७ मध्ये नवविवाहितांपैकी ३ टक्के, तर २०१५ मध्ये १७ टक्के व्यक्तींचा जोडीदार भिन्न वांशिक गटातील होता. आणि ह्या आकड्यात आशियाई व हिस्पॅनिक समूहांचे विवाहही धरलेले आहेत. संमती आणि सहजीवन यांची मापे एक नव्हेत, हे उघड आहे. साहित्याच्या अभ्यासकापुढे मात्र वेगळाच प्रश्न उभा राहतो : ही संमती मागितली जाते ती कोणाकडे, आणि कोणाच्या घरात?

स्टॅन्ली क्रेमर यांचा ‘गेस हूज कमिंग टू डिनर’ हा चित्रपट १९६७ च्या डिसेंबरात प्रदर्शित झाला. त्याचे चित्रीकरण संपल्यावर, १२ जून १९६७ रोजी, लव्हिंग खटल्याच्या निकालाने सोळा राज्यांतील विवाहबंदीचे कायदे रद्द ठरले होते. कायद्याची अडचण अशी दूर झाली. चित्रपटातील अडचण वधूपित्याची आहे. मॅट ड्रेटन हा उदारमतवादी वृत्तपत्रमालक. कृष्णवर्णीय डॉक्टर प्रेंटिस निष्कलंक, कीर्तिमान, आणि इतका सौजन्यशील की मुलीच्या आईवडिलांनी मनापासून होकार दिला नाही तर आपण हा विवाहच करणार नाही, असे तो स्वतःहून सांगतो. नकाराला वर्णाखेरीज कारण उरू नये म्हणून पटकथेने हा आदर्श पुरुष रचला, हा तिचा युक्तिवाद आणि तिची दुर्बलताही. अखेर पित्याच्या प्रदीर्घ भाषणाने निवाडा होतो, जोडपे जिनिव्हाला जाणार असते, आणि जेवण वाढायचे असते ते टिली ह्या कृष्णवर्णीय मोलकरणीनेच. विवाह दिसत नाही. दिसते ती विवाहाची परवानगी.

ह्या चित्रपटाशेजारी विजय तेंडुलकरांचे ‘कन्यादान’ (१९८३) ठेवण्यात एक धोका आहे. वंश आणि जात ही एकमेकांची भाषांतरे नव्हेत. मराठीतला ‘वर्ण’ हा शब्द कातडीचा रंग आणि चातुर्वर्ण्यातले स्थान असे दोन्ही अर्थ वाहतो, त्यामुळे तर हा घोटाळा अधिकच सुलभ होतो. तरीही रचनेच्या पातळीवर तुलना फलदायी ठरते, कारण क्रेमर जेथे थांबतात तेथूनच तेंडुलकर सुरुवात करतात. समाजवादी नाथ देवळालीकरांचा होकार पहिल्या अंकातच आहे, आणि तो उत्साही आहे. ज्योतीचे दलित कवी अरुण आठवले याच्याशी लग्न होते. पुढचे नाटक म्हणजे त्या होकाराची झीज. अरुणच्या आत्मचरित्राविषयी मनात तिटकारा असूनही नाथ त्याची जाहीर प्रशंसा करतात आणि ज्योती त्यांना त्याचा जाब विचारते, तो प्रसंग ह्या नाटकाचा गाभा होय. पित्याची संमती ही मुलीचे जगणे नव्हे, तर स्वतःच्या तत्त्वांची राखण होती, हे तिला कळलेले असते.

अरुणच्या हिंस्र चित्रणावर घेतला गेलेला आक्षेप डावलता येणार नाही. प्रेंटिसला दोषच नाहीत आणि अरुण दोषांनीच घडलेला आहे. ह्या दोन टोकांचे मूळ मला एकाच स्थापत्यात दिसते. नाटक देवळालीकरांच्या घरात घडते, चित्रपट मुख्यतः ड्रेटन यांच्या. दोन्हीकडे परका येतो तो तपासला जाण्यासाठी. त्याचे घर आपण पाहत नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये जातिनिर्मूलनाचा खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाह सुचवला तो रक्तमिश्रणातून आप्तभाव उपजेल म्हणून, आणि आप्तभावाला दोन घरे लागतात. होकार-नकार मोजणारी पाहणीदेखील उत्तर देणाऱ्याला त्याच्याच घरात बसवून प्रश्न विचारते.

जेफ निकोल्स यांचा ‘लव्हिंग’ (२०१६) ही बैठक मोडतो. रिचर्ड लव्हिंग गवंडी होता. मिल्ड्रेडशी त्याचे लग्न झाले तेही १९५८ मध्येच. व्हर्जिनियात दोघांना अटक झाली, आणि पंचवीस वर्षे राज्याबाहेर राहण्याच्या अटीवर शिक्षा तहकूब झाली. खटल्याची कथा सांगताना निकोल्स न्यायालयात फार रेंगाळत नाहीत. सर्वोच्च न्यायालयातील सुनावणीला खरा रिचर्डही गेला नव्हता. कॅमेरा वळतो तो विटांच्या थरांकडे, स्वयंपाकघराकडे, मुलांकडे, आणि ज्या जमिनीवर घर बांधायचे ती जमीन रिचर्ड मिल्ड्रेडला दाखवतो त्या क्षणाकडे.