दुसऱ्या भेटीची कादंबरी चाकणला का येत नाही?

ताटातूट, मध्ये काहीतरी दडवलेलं, आणि वर्षांनी पुन्हा गाठ. मराठी वाचकाला हे कथानक नवं नाही. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ साली आली तीच मुळी नवरा-बायकोची ताटातूट, कपटकारस्थानं आणि अखेरची भेट घेऊन. मराठी कादंबरी रांगत होती तेव्हा प्रेम आणि रहस्य एकाच घरात नांदत होतं. पुढे वाटण्या झाल्या. प्रेम ना. सी. फडक्यांकडे गेलं आणि रहस्य बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर पुस्तकांकडे.

या दोन घरांमधली भिंत पाडली सुहास शिरवळकरांनी. रहस्यकथेत हात बसलेला हा लेखक 'दुनियादारी'त कट्ट्यावरची मैत्री आणि प्रेम लिहितानाही कुठली माहिती कधी दाबायची आणि कधी सोडायची, हे विसरत नाही. शिरवळकर २००३ मध्ये गेले. दहा वर्षांनी 'दुनियादारी'वर चित्रपट आला, २०२० मध्ये 'समांतर'वर वेब मालिका. त्यांची जागा मात्र भरली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

लिहिणारे थांबलेले नाहीत. प्रतिलिपीवर रोज नवे भाग पडतात, स्टोरीटेलवर कादंबरी ऐकणारे आहेत. जुन्या प्रेमाची पुन्हा भेट हा तिथला हमखास चालणारा विषय: दहावीच्या बॅचचा स्नेहमेळावा, जुना फोटो, न पोचलेली चिठ्ठी. भाषा ओघवती असते, संवाद जिवंत असतात. घोडं पेंड खातं ते जागेपाशी. नायक कंपनीचा मालक, आणि कंपनी म्हणजे एक काचेची केबिन. तिथे लाइन नाही, शिफ्ट नाही, कँटीन नाही. गाव असलंच तर नदी, देऊळ आणि पाऊस. गावाचं नाव बदललं तरी कथेत काही हलत नाही.

आता पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा पाहा. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात टेल्को आणि बजाज, पुढे चाकणची एमआयडीसी, २००९ मध्ये फोक्सवॅगन. मराठवाड्या-विदर्भातून आलेली मुलं महाळुंग्यात, खराबवाडीत कॉट बेसिसवर राहतात. ठेकेदाराकडची नोकरी, काही महिन्यांनी ब्रेक, मग दुसरी कंपनी, दुसरी खोली. ती फर्स्ट शिफ्टला, तो नाइटला. एका रस्त्यावर राहून दोघांची आठवडेच्या आठवडे गाठ पडत नाही. इथे ताटातुटीला खलनायक लागत नाही.

आणि रहस्य? ते तलाठी कार्यालयात पडलेलं आहे. कल्पना करा: लग्न होऊन गेलेली मुलगी बऱ्याच वर्षांनी माहेरच्या गावी येते. वडिलांची जमीन कारखान्यांच्या रेट्यात विकली गेलेली. ती सातबारा काढते, तर तिच्या नावाला कंस, म्हणजे नाव कमी केलेलं. जुना फेरफार मागवते: हक्कसोड, खाली सही, साक्षीदार दोन. सही तिची नाही. दुसरा साक्षीदार म्हणून ज्याचं नाव आहे, त्याच्याशी तिचं लग्न व्हायचं होतं. त्याने सही का केली, कुणासाठी केली, या एका प्रश्नावर अख्खी कादंबरी पेलते. प्रेमाचा गुंता आणि गुन्ह्याचा गुंता इथे एकाच कागदावर आहे. प्रवीण तरडे यांच्या 'मुळशी पॅटर्न'ने २०१८ मध्ये विकलेल्या जमिनीची गोष्ट पडद्यावर आणली, पण तिची वाट गुन्हेगारीकडे गेली. याच जमिनीने मोडलेली प्रेमं अजून कुणीतरी लिहायची आहेत.

जेन ऑस्टिनच्या १८१७ च्या 'पर्सुएजन'मध्ये नायिका आठ वर्षांनी जुन्या प्रियकराला भेटते, तेव्हा त्या वर्षांत कुणाची ऐपत किती बदलली हे लेखिका बारकाईने दाखवते. आपल्याकडच्या पुनर्भेटीत मधली वर्षं नुसती विरहाची असतात. त्यांत घराचा हप्ता, ओव्हरटाइम, सासरची आजारपणं येत नाहीत. आणखी एक गोष्ट मला खटकते. आपल्या लोकप्रिय कथांत दुसरी संधी बहुतेक वेळा मोडलेल्या संसारालाच मिळते. घटस्फोटित किंवा विधवा बाईला जुन्या प्रेमाकडे जाऊ द्यायला लेखक कचरतात, आणि जाऊ दिलंच तर आधी नायकाची बायको अपघातात मारावी लागते. भोसरीत भाड्याच्या खोलीत राहून, मुलाला शाळेत घालून, स्वतःच्या पगारावर जगणाऱ्या अशा कितीतरी बाया आहेत. त्यांच्यापैकी एकीला नायिका करा आणि निर्णय तिचा तिला घेऊ द्या.