लिलीचे वाफे

खेड्याच्या शांततेविषयी लिहू लागले की बहुतेकांची लेखणी हळवी होते. आमच्याकडे येणाऱ्या कवितांतही रहाटाची कुरकुर, तिन्हीसांजेची देवळातली घंटा आणि ओट्यावरून ऐकू येणारा रोझरीचा सूर यांची ये-जा सतत चालू असते. त्या कवितांना नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. परंतु त्या वाचताना एक शंका मनात डोकावल्यावाचून राहत नाही. गाव शांत होते म्हणजे नेमके काय होते? तेथे भांडणे नव्हती, की ज्यांच्याशी भांडण होते ती माणसे मुकाट्याने गाव सोडून गेली होती? मॅरिलिन रॉबिन्सन यांची 'गिलियड' ही कादंबरी वाचताना हा प्रश्न आम्हांला फार तीव्रतेने जाणवला. म्हणून तिच्याविषयी, आणि तिच्या सोबतीने आणखी दोन कादंबऱ्यांविषयी, येथे लिहीत आहोत.

अमेरिकेच्या मधल्या पट्ट्याला मिडवेस्ट म्हणतात. आयोवा, मिनेसोटा, इलिनॉय, नेब्रास्का ही राज्ये त्यात येतात. मैलोगणती मका आणि सोयाबीन, पट्टीने आखावेत तसे सरळ रस्ते, रेल्वेरुळांलगत धान्याचे उंच कोठार, एक बँक, एक शाळा आणि निरनिराळ्या पंथांची दोन-तीन चर्चेस: तिकडच्या शेतकरी गावाचा आराखडा बहुधा एवढाच. सिंक्लेअर लुईस यांनी १९२० साली 'मेन स्ट्रीट' लिहून अशा गावाच्या कोतेपणाची यथेच्छ टिंगल केली. पुढे १९३० मध्ये नोबेल पारितोषिक मिळवणारे ते पहिले अमेरिकन साहित्यिक ठरले. त्यांचा उपहास आम्हांला मनोरंजक वाटला, तरी एकांगी वाटला. कोत्या गावातल्या माणसालाही आत्मा असतो, याचा लुईस यांना मधूनमधून विसर पडतो.

रॉबिन्सन यांना तो पडत नाही. १९८० साली त्यांची पहिली कादंबरी आली आणि दुसरी, म्हणजे 'गिलियड', तब्बल चोवीस वर्षांनी, २००४ मध्ये. २००५ चे पुलित्झर पारितोषिक तिला मिळाले. कादंबरीचा काळ १९५६ चा. गिलियड नावाच्या आयोवातील गावात जॉन एम्स हे शहात्तर वर्षांचे पाळक राहतात. हृदयविकाराने दिवस भरत आले आहेत. उतारवयात झालेला मुलगा अजून सात वर्षांचाही नाही. तो मोठा होईल तेव्हा आपण नसू, म्हणून एम्स त्याच्यासाठी एक दीर्घ पत्र लिहीत बसले आहेत. ते पत्र म्हणजेच ही कादंबरी. गावाचे नाव पवित्र शास्त्रातले आहे. यिर्मया संदेष्टा ज्या गिलादाच्या मलमाविषयी विचारतो, तेच हे गिलाद. मलम आहे, मग जखम का भरत नाही, हा संदेष्ट्याचा प्रश्न नावातच ठेवून लेखिका कथेला आरंभ करते.

वरवर पाहता या कादंबरीत काही घडत नाही. एम्स यांनी पंचेचाळीस वर्षांत लिहिलेली सव्वादोन हजार प्रवचने पोटमाळ्यावर पेट्यांत पडून आहेत. त्यांची पाने मोजली तर सदुसष्ट हजारांच्या वर जातात. लहानपणी सवंगड्यांबरोबर मांजरीच्या पिलांना दिलेला स्नानसंस्कार त्यांना आठवतो, आणि ओल्या कपाळावर हात ठेवताना त्या पिलाचे जिवंतपण कसे जाणवले, तेही आठवते. वीज पडून जळालेले एक चर्च पावसात मोकळे करीत असताना वडिलांनी राखेने काळवंडलेल्या हातांनी दिलेले बिस्कीट त्यांच्या स्मरणात ख्रिस्तप्रसादासारखे राहिले आहे. एम्स कॉन्ग्रिगेशनल पंथाचे. आपल्या सप्त संस्कारांचा विचार त्यांच्या परंपरेत नाही. तरीही पाणी, भाकरी आणि माणसाचा हात यांतून कृपा वाहते, ही त्यांची श्रद्धा आम्हांला परकी वाटली नाही. इतक्या सावकाश चालीची कादंबरी आमच्या वाचकांना पेलेल का, अशी धास्ती प्रथम वाटली होती. पण जे रोज सकाळच्या मिस्साला बसतात, त्यांना सावकाशीची सवय असते.

गावाच्या जन्माची कथा मात्र सावकाश नाही. गिलियडसाठी लेखिकेने टेबर नावाच्या खऱ्या गावाचा आधार घेतला. नैऋत्य आयोवातले हे गाव गुलामगिरीच्या विरोधकांनी वसवले. पळून आलेल्या गुलामांना तेथे आसरा मिळे, आणि जॉन ब्राउन या बंडखोराची शस्त्रे तेथे ठेवली जात. कादंबरीतले एम्स यांचे आजोबा याच पिढीतले. यादवी युद्धात त्यांनी एक डोळा गमावला. साखळदंडांत जखडलेल्या ख्रिस्ताचे त्यांना दर्शन झाले होते आणि त्या दर्शनाने त्यांची झोप कायमची उडवली. त्यांचा मुलगा, म्हणजे एम्स यांचे वडील, शांततावादी निघाला. पिस्तूल लावून प्रवचन करणाऱ्या बापाशी त्याचे पटले नाही. म्हातारा कॅन्ससला निघून गेला आणि तेथेच वारला. वडील आणि बारा वर्षांचा एम्स ती कबर शोधत दुष्काळातून चालत जातात, ती पाने या पुस्तकातली सर्वांत सुंदर पाने आहेत.

आता आमच्या मूळ शंकेकडे येतो. जॅक बाउटन हा एम्स यांच्या जिवलग मित्राचा, प्रेस्बिटेरियन पाळकाचा, वाया गेलेला मुलगा. तो वीस वर्षांनी घरी येतो. एम्स यांना त्याच्याविषयी कधीच ममत्व वाटले नाही, आणि तो आपल्या तरुण पत्नीशी बोलू लागला की त्यांच्या मनात मत्सर डोकावतो. फार उशिरा जॅक आपले गुपित सांगतो. त्याला कृष्णवर्णीय पत्नी आहे, मुलगा आहे. मिझूरीत त्या काळी असा विवाह कायद्यालाच मान्य नव्हता. त्या प्रकारचे सर्व कायदे अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रद्द केले. आयोवात तसा कायदा नव्हता. म्हणून जॅक अंदाज घेऊ पाहतो: गुलामांना आसरा देणाऱ्या या गावात आम्हां तिघांना राहता येईल का?

एम्स यांच्याजवळ उत्तर नाही. गावात पूर्वी कृष्णवर्णीयांचे एक लहानसे चर्च होते. त्याला कोणीतरी आग लावली होती. लहानशीच आग, फार नुकसान झाले नाही, आणि तीही कित्येक वर्षांपूर्वीची, असे एम्स म्हणतात. त्यानंतर ती कुटुंबे निघून गेली. जाताना त्यांच्या पाळकाने आपल्या चर्चसमोरच्या लिली उपटून एम्स यांना दिल्या. त्या लिली आज एम्स यांच्या चर्चपुढे वाफेच्या वाफे फुलत आहेत. त्या कोठून आल्या हे चर्चच्या सेवकांना सांगून ठेवायला हवे, असे वृद्ध एम्स यांच्या मनात येते. म्हणजे आजवर सांगितलेले नाही.

ही दोन-तीन वाक्ये लेखिकेने इतक्या सहजपणे ओलांडली आहेत की घाईचा वाचक त्यांच्यावरून निघून जाईल. आमच्या मते कादंबरीचा गाभा तेथेच आहे. एम्स लबाड नाहीत. ते दयाळू आहेत, प्रार्थनाशील आहेत, आणि तरीही ज्या आगीने आपले गाव 'शांत' केले ती त्यांना लहान वाटते. आजोबांना साखळदंडांतला ख्रिस्त दिसला. नातवाला केवळ फुले दिसली. आपण पापनिवेदनाला जातो तेव्हा केलेली पापे सांगतो. न केलेल्या गोष्टींची कबुली मिस्साच्या आरंभी सामुदायिक प्रार्थनेत देतो खरे, पण तेथे बहुधा ओठच हलत असतात. एम्स यांचे पत्र म्हणजे तशी एक कबुली आहे, आणि ती त्यांच्या हातून अर्धीच झाली आहे. शेवटी गाव सोडून निघालेल्या जॅकच्या मस्तकावर बसची वाट पाहत असता ते हात ठेवतात व आशीर्वाद देतात. तो प्रसंग वाचताना आमचे डोळे ओलावले. परंतु आशीर्वाद घेऊन जॅक जातोच. गाव त्याला ठेवून घेत नाही.

एक तक्रार मात्र नोंदवावीशी वाटते. या कादंबरीत शेतावरचा प्रकाश आहे, चिखल नाही. मका खिडकीतून दिसतो. त्याचे बियाणे, कर्ज, भाव यांचा उल्लेख जवळजवळ नाही. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या वाचकाला ही उणीव लगेच खटकेल.

ती उणीव जेन स्मायली यांच्या 'अ थाउजंड एकर्स' (१९९१) या कादंबरीत भरून निघते. तिलाही पुलित्झर मिळाले. शेक्सपिअरच्या लिअर राजाची कथा येथे आयोवातल्या हजार एकरांच्या शेतावर घडते: बाप तीन मुलींना जमीन वाटून देतो आणि घर उद्ध्वस्त होते. आयोवाची ही काळी जमीन मुळात पाणथळ. मातीखाली नळ पुरून पाणी काढून दिले तेव्हा ती पिकू लागली. शेतातली रसायने त्याच पाण्याबरोबर विहिरीत उतरतात, आणि थोरल्या मुलीच्या वारंवार होणाऱ्या गर्भपातांचे कारण तिला उशिरा उमगते. कथा १९७९ सालची आहे. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला पोप जॉन पॉल दुसरे आयोवात, डे मॉईनजवळच्या शेतावर उतरले होते. एका शेतकऱ्याने हाताने लिहिलेल्या निमंत्रणाला मान देऊन ते आले. सुमारे साडेतीन लाख लोक जमले, असे सांगतात. कृतज्ञता, जमिनीची जपणूक आणि औदार्य, या तीन वृत्ती त्यांनी तेथे शेतकऱ्यांपुढे ठेवल्या. पुढच्याच दशकात व्याजाच्या ओझ्याखाली तिकडची असंख्य शेते लिलावात निघाली. स्मायली यांनी पोपमहाशयांचे नाव घेतलेले नाही, पण त्या तीन वृत्ती नसल्या तर काय होते, हे त्यांच्याइतके निर्दयपणे कोणी दाखवलेले आमच्या वाचनात नाही. टँकरने गोड्या पाण्याचा उपसा होताना पाहिलेल्या वसईकरांना विहिरीचा तो भाग समजावून सांगावा लागणार नाही.

जे. एफ. पॉवर्स यांच्याविषयी थोडे तरी लिहिले पाहिजे, कारण तिघांत कॅथोलिक लेखक तेच. दुसऱ्या महायुद्धात शस्त्र धरण्यास नकार दिल्याबद्दल त्यांनी तुरुंगवास भोगला. 'मोर्त द'अर्बन' ही त्यांची कादंबरी १९६२ ची; १९६३ चा राष्ट्रीय ग्रंथपुरस्कार तिला मिळाला. शिकागोचे नामांकित प्रवचनकार फादर अर्बन यांची मिनेसोटातल्या ड्युस्टरहाउस या आडगावी बदली होते. जर्मन भाषेत या नावाचा अर्थ जवळजवळ 'उदास घर' असा होतो. तेथे पैपैचा हिशेब ठेवणाऱ्या वरिष्ठांच्या हाताखाली त्यांना जमिनी घासाव्या लागतात. फादर अर्बन हार मानत नाहीत. श्रीमंतांची मर्जी राखून गोल्फचे मैदान मिळवतात, आणि त्याच मैदानावर महागुरुस्वामींनी मारलेला चेंडू त्यांच्या डोक्यात बसतो! पॉवर्स यांचा विनोद असा कोरडा आहे. तो धर्मगुरूंची थट्टा करतो म्हणून कोणी रागावू नये. एका सरोवरात पोहणाऱ्या हरणाला देणगीदार गंमत म्हणून बुडवू पाहतो, तेव्हा फादर अर्बन त्याला आडवे येतात आणि ती मैत्री, तिच्याबरोबर येणारा पैसाही, गमावतात. त्या एका क्षणी ते खरे धर्मगुरू होतात. आज भारतातून गेलेले कितीतरी धर्मगुरू मिडवेस्टमधल्या अशाच आडगावी, कधी दोन-दोन तीन-तीन धर्मग्राम सांभाळीत, सेवा करीत आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याने हे पुस्तक वाचून आम्हांला लिहिले तर ते पत्र आम्ही आनंदाने छापू.

वाचनमंडळांनी आरंभ 'गिलियड'पासून करावा. तिच्या मागून आलेल्या 'होम' (२००८), 'लायला' (२०१४) आणि 'जॅक' (२०२०) या कादंबऱ्या तीच माणसे दुसऱ्या बाजूंनी दाखवतात. पैकी 'होम' चुकवू नये, कारण तीत जॅकचे म्हणणे एम्स यांच्या गाळणीतून न जाता ऐकू येते. स्मायली यांच्या कादंबरीत बापाने मुलींवर केलेल्या अत्याचाराचा विषय आहे. ती तरुण मुलांच्या हाती देण्यापूर्वी पालकांनी स्वतः वाचावी, आणि वाचल्यावर, आमचा आग्रह आहे, लपवून ठेवू नये.